पिंपाची भूक: वसतिगृहाच्या मेसमधल्या गॅस प्रकल्पाच्या नोंदी

२९ जुलै २०२४, सोमवार

अकरावीच्या पर्यावरण विषयाचे प्रकल्प ठरवायचे होते. मुलांनी यादी आणून दिली. चौदा विषय, चौदाही नेटवरून उतरवलेले. ‘नैसर्गिक संसाधने व त्यांचे संवर्धन’ तिघांनी घेतलाय आणि तिघांच्या प्रस्तावनेत शुद्धलेखनाची तीच चूक. यादी खिशात ठेवली आणि वसतिगृहात राहणाऱ्या सहा जणांना घेऊन मेसच्या मागच्या दारी गेलो. निळं पिंप काठोकाठ भरलेलं, वर माश्यांचा थर, शेजारी दोन कुत्री वाट बघत बसलेली. विचारलं, हे रोज कुठं जातं? एक म्हणाला, गाडी नेते. गाडी कुठं नेते? त्यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले. खरं सांगायचं तर मीही आठ वर्षं इथं अधीक्षक आहे, आणि ती गाडी फाटकाबाहेर वळली की पुढचं मला ठाऊक नाही.

ठरलं: या पिंपाचं काय करता येईल ते बघायचं. आधी मोजायचं.

५ ऑगस्ट

सात दिवस वजन केलं. मेसच्या मावशींकडचा भाजीचा वजनकाटा वापरला आणि रोज धुऊन परत दिला (एकदा विसरलो, बोलणी खाल्ली). जेवणारी ऐंशी मुलं. रोजची सरासरी अशी निघाली: भाज्यांची देठं-सालं ४.६ किलो, ताटातलं उष्टं आणि पातेल्यात उरलेलं मिळून ७.१ किलो. एकूण ११.७. यातली लिंबाची सालं, कांद्याची टरफलं, बुधवारची अंड्याची कवचं बाजूला काढली तर दीड किलो जातं. कुजवायला योग्य असं दहा किलोच्या आसपास उरतं.

सुकं वेगळं. दुधाच्या पिशव्या भंगारवाला घेतो. वेफर्सची चकचकीत पाकिटं तो हातात धरून परत देतो, कारण त्यात प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, ते सुटे होत नाहीत. २०१६ च्या घनकचरा नियमांत ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग घरातच करायला सांगितलं होतं. आमच्याकडे तिन्ही एकाच पिंपात होते, त्यात एक जुनी पेनड्राइव्हसुद्धा सापडली.

रजिस्टर काढून गॅसचा खर्चही पाहिला. १९ किलोचा सिलिंडर चार दिवस जातो. जुलैत आठ लागले.

११ ऑगस्ट, रविवार

टाकी कोणती घ्यायची यावर दोन दिवस खल झाला. गावाकडची गोबरगॅसची विहीर सगळ्यांना माहीत आहे, पण ती शेणावर चालते. शेण म्हणजे गाईनं जेवून उरलेलं, त्यातला कस तिनं आधीच काढून घेतलेला असतो. म्हणून घनमीटरभर गॅसला पंचवीस किलो शेण लागतं. उरलेल्या भातात, चपातीत, आमटीत पिष्ट तसंच्या तसं शिल्लक असतं. हे ओळखून पुण्यातल्या ‘आरती’ संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी पाण्याच्या दोन प्लॅस्टिक टाक्यांपासून स्वयंपाकघरातल्या उरल्यासुरल्यावर चालणारं संयंत्र तयार केलं. त्याला २००६ चा ॲश्डेन पुरस्कार मिळाला होता. आम्ही त्याच धर्तीवर, जरा मोठं करतोय. २००० लिटरची टाकी खाली, तिचं वरचं तोंड कापून काढलेलं. त्यात १५०० लिटरची टाकी उपडी. गॅस झाला की वरची टाकी वर सरकते, वापरला की खाली येते. मुलं वरच्या टाकीला ‘पिंप’ म्हणतात, म्हणून वहीतही तेच नाव.

प्लंबर कापायला कटर घेऊन आला आणि आधी तास-दीड तास असं करू नका हेच सांगत बसला. नवी टाकी कापायची त्याच्या जिवावर आली होती.

१८ ऑगस्ट

जोडणी झाली. खरकटं घालायला चार इंची पाइप, त्याचं खालचं तोंड टाकीच्या तळाशी. मळी (खरकटं कुजून उरलेला पातळ काला) बाहेर पडायला दुसरा, काठाच्या जरा खाली. गॅसला वर टँक निपल, कॉक आणि तिथून रबरी नळी. भोवती चार लोखंडी अँगल, म्हणजे पिंप तिरकं होणार नाही. सांधे टेफ्लॉन टेपनं बांधले तरी साबणाचं पाणी लावल्यावर दोन ठिकाणी बुडबुडे आले. एम-सील लावलं.

वरच्या टाकीचा व्यास १२० सेंटिमीटर. मुलांना म्हटलं, πr² आजवर परीक्षेत लिहिलंत, आज कामाला लावा. ३.१४ × ६० × ६०. म्हणजे पिंप एक सेंटिमीटर वर आलं की ११.३ लिटर गॅस. टाकीला कंगोरे आहेत, तेव्हा हे ढोबळच. पण वेगळा मीटर घ्यायला पैसे नाहीत आणि हा मीटर फुकट आहे. एकानं पांढऱ्या ऑइलपेंटनं पिंपावर खालून वर पट्टी रंगवली. ४० चा आकडा उलटा झालाय. तसाच ठेवलाय.

२० ऑगस्ट

छोटा हत्ती टेम्पोतून शेण आलं, सुमारे ४०० किलो. तेवढंच पाणी घालून हातानं कालवलं. शेणकाला करताना गवताच्या काड्या, खडे, एक घोड्याचा नाल निघाला (गाईच्या शेणात नाल कसा, हे कोडं कुणाला सुटलं नाही). वर पाणी घातलं. आता थांबायचं.

मावशी बघायला आल्या. “सर, ह्या पिंपाला रोज जेवायला घालायचं म्हंता?”

“हो. पण सुरुवातीला नाही. आधी त्याच्या पोटात जंतू वाढू देत.”

“म्हंजे बाळंतिणीगत. आदी पेज, मग भात.”

प्रकल्प अहवालात हे वाक्य तसंच घ्या असं मुलांना सांगितलं आहे. अहवालात ते ‘टप्प्याटप्प्याने भारवाढ’ असं होऊन येणार याची मला खात्री आहे.

४ सप्टेंबर

पिंप ३१ सेंटिमीटर वर. मुलांना लगेच पेटवून बघायचं होतं. पेटवू दिलं नाही. पहिल्या गॅसमध्ये आत अडकलेली हवा असते; मिथेन (यातला जळणारा वायू) आणि हवा ठरावीक प्रमाणात मिसळलेली असेल तर ज्योत नळीतून मागे आत जाऊ शकते. शिवाय सुरुवातीचा गॅस बहुतेक कार्बन डायऑक्साइडच असतो, तो जळत नाही. कॉक उघडून सगळा सोडून दिला. कुजक्या अंड्याचा वास मेसभर. संध्याकाळी अर्ध्या पोरांनी आमटी घेतली नाही.

१२ सप्टेंबर, गुरुवार

पेटला!

दुसऱ्यांदा भरलेला गॅसही सोडला होता, हा तिसरा. एकाच बर्नरची जुनी गॅसची शेगडी होती तिला नळी जोडली तर ज्योत काडेपेटीच्या काडीएवढी, तीही फूफू करत विझणारी. कारण दोन. एक म्हणजे दाब. एलपीजी शेगडीला साधारण तीस सेंटिमीटर पाण्याच्या दाबाने येतो, आमचं प्लॅस्टिकचं पिंप जेमतेम तीन सेंटिमीटर देत होतं. पारदर्शक नळीचा यू करून, रंगीत पाणी घालून मोजलं. पिंपावर ३५ किलोच्या वाळूच्या दोन गोण्या ठेवल्या, नऊ सेंटिमीटर झालं. दुसरं म्हणजे छिद्र. एलपीजीच्या एका भागाला जळायला पंचवीस-तीस भाग हवा लागते, बायोगॅसच्या एका भागाला साडेपाच-सहा. तेव्हा गॅसचं छिद्र मोठं हवं आणि हवेची खिडकी लहान. जेटला ड्रिल मारलं, हवेच्या भोकांवर पत्र्याची पट्टी गुंडाळली. मग ज्योत निळी, स्थिर, उजेडात जवळजवळ न दिसणारी. हात वर धरून बघावं लागतं.

पाच लिटर पाणी उकळायला सत्तावीस मिनिटं लागली. पिंप १६ सेंटिमीटर उतरलं, म्हणजे १८० लिटर गॅस. त्याच पाण्याचा चहा केला. चहाला वास येतोय का, यावर मतभेद.

आजपासून रोज दोन किलो खरकटं, दोन लिटर पाण्यात कुस्करून.

१८ सप्टेंबर

काल अनंत चतुर्दशी. मंडळाचा महाप्रसाद मेसमध्येच शिजला होता. उरलेला शिरा, मसालेभात आणि बुंदी, मिळून तीस किलोच्या वर, रात्री अकराला मुलांनी उत्साहानं टाकीत ओतला. मला सकाळी कळलं. पिंप तर एवढं वर आलं होतं की गोण्या खाली घसरल्या. मुलं खूश. मी शेगडी पेटवायला गेलो, काडी विझली. पुन्हा लावली, पुन्हा विझली.

२० सप्टेंबर

मळीला आंबूस, दह्यासारखा वास. सामू (पीएच, आंबटपणाचं माप; कमी म्हणजे जास्त आंबट) ५.५. हा ६.८ ते ७.४ च्या मधे हवा. मोजणाऱ्या मुलाला सगळे आता ‘लिटमस’ म्हणतात, जरी त्याच्या हातात असते ती सामूची पट्टी. त्यानं तीनदा पट्टी बुडवली, मग माझ्याकडे अशा चेहऱ्यानं आला की जणू घरात कुणी आजारी आहे.

झालं काय ते फळ्यावर काढून दाखवलं. टाकीत जंतूंची दोन बिऱ्हाडं असतात. पहिलं बिऱ्हाड पिष्ट, साखर, प्रथिनं तोडून आम्लं करतं. दुसरं ती आम्लं खाऊन मिथेन करतं. पहिलं चपळ, तासांत वाढणारं. दुसरं सावकाश, वाढायला दिवसच्या दिवस घेणारं आणि आंबटपणा न सोसणारं. शिऱ्यात साखर आणि तूप, बुंदीत पाक. पहिल्यांनी एका रात्रीत आम्लाचा ढीग केला, दुसरे त्याखाली गुदमरले. वर आलेला गॅस सगळा कार्बन डायऑक्साइड.

लिटमसनं विचारलं, मेले का सगळे? म्हटलं, नाही, पण उपास घालायला हवा.

६ ऑक्टोबर, रविवार

सोळा दिवस काही घातलं नाही. पहिले सहा दिवस रोज अर्धा किलो खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून, नंतर थोडा थोडा चुना. चुना एकदम टाकत नाहीत, गाळ होऊन तळाला बसतो आणि उपयोग शून्य. मधे दोनदा ताज्या शेणकाल्याची बादली, म्हणजे नवी दुसरी बिऱ्हाडं. या काळातली मळी एकानं मेथीच्या वाफ्यात घातली, मेथी करपली. त्याला मी काही बोललो नाही, मीच सांगायला विसरलो होतो.

आज सामू ६.९. ज्योत लागली. नवरात्र चालू आहे, मावशींनी शेगडीला हळद-कुंकू लावलं.

१४ ऑक्टोबर

भार वाढवतोय: दोन, चार, आता सहा किलो. प्रत्येक टप्पा तीन-चार दिवस, सामू बघून पुढचा. सूचना मेसच्या दारावर लावली आहे: ‘पिंपाला जास्त वाढू नये. लिंबू, टरफलं, हाडं, चहाच्या पिशव्या नकोत.’ खाली कुणीतरी लिहिलंय: ‘शेपू चालेल का?’

वासाचा प्रश्न राहिलाय. हायड्रोजन सल्फाइड अगदी थोडा असला तरी नाकाला कळतो आणि पितळी जेट काळा पडतो. तो लोखंडावर अडकतो असं वाचून मुलांनी नळीत भांडी घासायच्या स्टीलच्या घासण्या कोंबल्या. आठवडाभर काही फरक नाही. पडणार कसा, स्टेनलेस स्टील गंजत नाही म्हणून तर त्याची भांडी करतात! लेथवाल्याकडून लोखंडाचा भुगा आणला, मिठाच्या पाण्यात गंजवून सुकवला आणि पाइपच्या एका तुकड्यात भरला. दुसऱ्या दिवसापासून वास जवळजवळ गेला, भुगा काळा पडत चालला. तो बदलताना एक काळजी: वापरलेला भुगा हवेत आला की आपोआप तापतो. बादलीतल्या पाण्यातच उपसायचा.

२५ ऑक्टोबर

दिवाळीच्या सुट्टीआधी एका मुलाचे आजोबा न्यायला आले होते. टाकीभोवती दोन फेऱ्या मारल्या, काठावर वाकून आत बघितलं, म्हणाले, “गुरुजी, साय धरली की वो.” खरंच, कडेच्या फटीत बोटभर जाडीचा कोरडा थर. त्याखालून गॅस वर यायला अडतो. “रोज सकाळी पिंप अर्धा वेढा इकडं, अर्धा वेढा तिकडं फिरवायचं. आमचं लोखंडाचं हुतं, त्याला आत दांड्या हुत्या. फिरवलं की साय मोडायची.”

त्यांच्या परड्यात १९८० च्या दशकातली गोबरगॅसची विहीर आहे. १९८१-८२ मध्ये केंद्राचा राष्ट्रीय बायोगॅस प्रकल्प सुरू झाला आणि अनुदानावर गावोगाव अशा विहिरी बांधल्या गेल्या. आता त्यांच्या विहिरीत उकिरडा आहे. का बंद पडली, विचारलं. माझा अंदाज होता ड्रम गंजला असेल. ते म्हणाले, तोही गंजला, पण आधी बैल गेले. पाच-सहा माणसांच्या घराला दोन घनमीटर गॅस, म्हणजे रोज पन्नास किलो शेण, म्हणजे चार-पाच जनावरं. ट्रॅक्टर आला, दावणीला एक म्हैस राहिली, मग सिलिंडर आला. कुणी विहीर बंद केली नाही. “तिचं खाणंच बंद झालं.”

जाताना सुट्टीत पिंपाचं काय करणार, हेही त्यांनीच विचारलं. आम्ही विचारच केला नव्हता. पहारेकरी मामांना सांगून ठेवलंय, तीन दिवसांआड शेणकाल्याची एक बादली.

२५ नोव्हेंबर, सोमवार

सलग दहावा दिवस पूर्ण दहा किलोचा. पिंप रोज ८५ सेंटिमीटर वर येतंय. ८५ × ११.३ म्हणजे ९६० लिटर, किलोमागे ९६ लिटर. घनमीटरभर बायोगॅस साधारण ०.४३ किलो एलपीजीच्या बरोबरीचा, तर रोजची बचत ०.४१ किलो. रोजचा खर्च पावणेपाच किलो.

शंभराला साडेआठ. मुलांची तोंडं उतरली. त्यांना वाटत होतं निम्मा तरी गॅस वाचेल. एकजण म्हणाला, अहवालात नुसतं ‘लक्षणीय बचत’ लिहू या. म्हटलं, साडेआठ लिही. साडेआठ हा चांगला आकडा आहे, तो आपण मोजलाय.

मळी मात्र आता उत्तम. रोज वीस लिटर बाहेर पडते, दुप्पट पाण्यात मिसळून वांगी आणि पुन्हा लावलेल्या मेथीला.

२ डिसेंबर

मेसच्या दारात फळा लावला: ‘कालचं उष्टं: … किलो’. एवढंच. कुणाला रागवायचं नाही, भाषण नाही. वजन असंही रोज होतंच, ते टाकीपाशी राहत होतं. आजचा आकडा ६.८.

१५ डिसेंबर, रविवार

सगळी अकरावी कोयनानगरला नेली. कराडहून दोन तासांत पोहोचतो आणि ‘ऊर्जेचे स्रोत’ हा धडा त्या रस्त्यावरच आहे. शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं. कृष्णेच्या खोऱ्यातलं हे पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला सोडतात, सह्याद्रीच्या कड्याखाली ते जनित्रं फिरवतं आणि वाशिष्ठी नदीतून अरबी समुद्राला जातं. सगळे टप्पे मिळून १९६० मेगावॉट: पहिले दोन मिळून ६००, तिसरा ३२०, चौथा १०००, धरणाच्या पायथ्याशी ४०. हे चोवीस तास चालत नाही. संध्याकाळी राज्यभर दिवे, पंखे, मोटारी एकदम लागतात तेव्हा मिनिटांत सुरू करता येतं, हा त्याचा खरा उपयोग. वर वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या. वारा जोराचा असतो पावसाळ्यात, नेमकं धरण भरत असतं तेव्हा.

मुलांना एक गोष्ट सांगितली जी धड्यात नाही. पश्चिमेकडे वर्षाला किती पाणी वळवायचं याला कृष्णा लवादानं (राज्यांमधला कृष्णेच्या पाण्याचा तंटा सोडवणाऱ्या) ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. म्हणजे पाणी ‘पुनर्नवीकरणीय’ असलं तरी वाटून घ्यावंच लागतं. वीज हवी तर ते पलीकडे जातं, ऊस हवा तर इकडे. वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील ऊस लावतात, त्यामुळे या मुद्द्यावर बसमध्ये भांडण झालं आणि ते मी मिटवलं नाही. धरणाखाली ज्यांची गावं गेली त्यांच्यातल्या एका घराची मुलगीही वर्गात आहे. ती खिडकीतून जलाशय बघत होती, बोलली नाही.

परतताना लिटमसनं हिशेब केला. आपला दिवसाचा घनमीटरभर गॅस, त्याची उष्णता चोवीस तासांवर पसरली तर किती वॅट? सव्वादोनशे. “सर, कोयना १९६० मेगावॉट आणि आपण सव्वादोनशे वॅट.” बसमधलं भांडण तेव्हा थांबलं. सगळे हसत होते.

६ जानेवारी २०२५, सोमवार

पिंप फक्त ३३ सेंटिमीटर. नोव्हेंबरच्या निम्म्याहूनही कमी. दोन पक्ष पडलेत. एक म्हणतो थंडी; पहाटे पारा बारावर येतो, आणि या जंतूंना पस्तीसच्या आसपासची ऊब आवडते. दुसरा म्हणतो खाणंच कमी झालं. फळ्यावरचा आकडा २.९ वर आलाय, सालं धरून टाकीत जेमतेम सहा किलो जातंय.

दोघंही बरोबर असू शकतात, पण कोण किती? मग किलोमागे गॅस काढला. नोव्हेंबरात ९६ लिटर, आज ६२. खाणं कमी झाल्यानं एकूण गॅस कमी होईल, किलोमागचा सहसा व्हायला नको. तो घसरलाय म्हणजे ती थंडीची करणी. मला स्वतःला हे वेगळं करून दाखवणं प्रकल्पातल्या सगळ्या गोष्टींपेक्षा जास्त आवडलं. मुलांना फारसं नाही.

टाकीभोवती उसाचं पाचट बांधलं, वरून काळा प्लॅस्टिक कागद. खरकटं कुस्करायला उन्हात ठेवलेल्या काळ्या ड्रममधलं कोमट पाणी.

१२ जानेवारी

आकडा २.९ वर आला कसा, याची चौकशी. मला वाटत होतं फळ्यानं मुलं शहाणी झाली. मावशी हसल्या. फळा मुलांपेक्षा त्यांनी जास्त वाचला होता. गुरुवारी आकडा कायम वर जातो हे त्यांनीच हेरलं. गुरुवारी दुधी असतो. दुधीची भाजी बंद करून त्याचे थालीपीठ-मुठिये सुरू केले. भात एकदम डावभर न वाढता आधी निम्मा, मग “अजून हवा?” असं विचारायचं. चपाती लहान केली. “पोरं दोन मोठ्या घेत्यात, दीड खात्यात. तीन लहान घेत्यात नि तीन खात्यात.”

रोजचा तांदूळ किलोनं आणि कणीक अर्ध्या किलोनं कमी लागतेय. हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. त्यांच्या मते त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं.

२ फेब्रुवारी

जानेवारीचं रजिस्टर: सात सिलिंडर. जुलैत आठ. एक वाचला, म्हणजे १९ किलो. (सिलिंडर मोजणं हे फार जाडं माप आहे, महिनाअखेर अर्धा उरला की पाऊण, ते डोळ्यांनीच. तरीही.) पिंपातून महिन्याभरात साडेअकरा घनमीटर गॅस निघाला, त्याचे पाच किलो. उरलेले चौदा कुठून?

मुलांनी मेसमध्ये बसून यादी केली. कमी शिजवणं हे एक. डाळ रात्री भिजत घालणं, हे डिसेंबरपासून. पातेल्यांवर झाकण, झाकणं आधी हरवलेली होती, प्रकल्पाच्या निमित्तानं भांडीवाल्याकडून चार नवीन आली. कशाचे किती किलो ते आता वेगळं काढता येणार नाही, कारण तिन्ही एकाच महिन्यात सुरू झाली. पुढच्या वेळी एकेक करायला हवं, ही आमची चूक वहीत लाल पेनानं.

पण टाकीपेक्षा या तिन्हींनी मिळून जास्त गॅस वाचवला असावा, हे लिहायला मुलांना जड जातंय. सहा महिने राबले ते टाकीसाठी. एकानं सुचवलं, या तिन्हींचा मुद्दा ‘इतर निरीक्षणे’ मध्ये टाकू. मी तो पहिल्या पानावर घ्यायला सांगितलाय. रुसलेत.

२२ फेब्रुवारी

ऊन वाढलं तसं किलोमागे ८४ लिटरवर आलं. पण फळ्यावर २.४. टाकीत साडेपाच किलो, पिंप ४१ सेंटिमीटर. सकाळचा चहा आणि थोडी आमटी होते, मग ज्योत बसते.

लिटमस म्हणाला, “सर, मुलांना थोडं जास्त टाकायला सांगू का? फक्त प्रात्यक्षिकाच्या आठवड्यात. परीक्षक येतील तेव्हा पिंप वर दिसायला हवं.” मी इतका वेळ त्याच्याकडे बघत राहिलो की तोच म्हणाला, “नको, कळलं.”

मावशींनी मार्ग काढला. कोपऱ्यावरच्या खानावळीत त्यांची भाची काम करते.

१ मार्च, शनिवार

खानावळीची पहिली बादली आली. मालकाची अट एकच: बादली धुऊन परत. वजन ६.२ किलो. वेचताना निघालं: लिंबाच्या चौदा फोडी, नऊ टूथपिक, एक कोंबडीचं हाड, मसाल्याची दोन पाकिटं आणि एक स्टीलचा चमचा. चार किलो घातलं. शिऱ्याची आठवण आहे, उरलेलं खड्ड्यात. सामू ७.१.

चमचा परत पाठवला. उद्यापासून वेगळ्या दोन बादल्या ठेवायला सांगितलंय, बघू.